आयर्न मेडनचा बेस्ट-ऑफ मिळाला, आता ऐकायचा कसा? सोलापूरच्या नवीन मेटलवाल्यांसाठी

जुळे सोलापूर असो की अक्कलकोट रोड, नुकतं हेवी मेटल ऐकायला लागलेलं कोणी भेटलं की प्रश्न एकच असतो, दादा एवढे बँड, एवढे अल्बम, सुरुवात कुठून करू. माझं उत्तर ठरलेलं आहे, बेस्ट-ऑफपासून, म्हणजे बँडच्या निवडक गाण्यांच्या अल्बमपासून कर. यावर जुने मेटलवाले नाक मुरडतात, बेस्ट-ऑफ ऐकणारा खरा फॅनच नाही म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही. चाळीसहून जास्त वर्षं वाजवत आलेल्या बँडचे सतरा अल्बम नवीन माणसाच्या अंगावर एकदम टाकले तर तो दुसऱ्या दिवशी कशाला लावेल. फक्त बेस्ट-ऑफ ऐकायची एक पद्धत आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही, लोक शफल लावतात, तीन गाणी ऐकतात, आणि सगळं सारखंच वाटतंय म्हणून सोडून देतात. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

उदाहरणाला आयर्न मेडन घेतो. १९७५ मध्ये बेसिस्ट, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्या, स्टीव्ह हॅरिसनं पूर्व लंडनमध्ये सुरू केलेला हा बँड, आणि आपल्यापासून तेवढा लांबचा पण नाही. मार्च २००७ मध्ये ते बंगळुरूला वाजवून गेले आणि पुढच्याच वर्षी १ फेब्रुवारी २००८ ला त्यांची 'समव्हेअर बॅक इन टाइम' नावाची वर्ल्ड टूर सुरू झाली ती डायरेक्ट मुंबईत, बीकेसीला. म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून सकाळी जिथं उतरतो त्या गावात जगभराच्या टूरचा पहिला शो झाला, माणसं आणि सामान सगळं एकाच बोइंग ७५७ मध्ये भरून आणलेलं आणि ते विमान चालवणाऱ्यांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. त्याच टूरच्या नावानं मे २००८ मध्ये जो बेस्ट-ऑफ आला तो नवीन माणसानं पहिला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त १९८० ते १९८९ ची गाणी, १५ ट्रॅक, सव्वा तासाच्या आत संपतो.

मेडनचे बेस्ट-ऑफ बरेच आहेत. १९९६ चा 'बेस्ट ऑफ द बीस्ट' आहे, त्याचा दोन सीडीवाला प्रकार नव्याकडून जुन्याकडं असा उलटा लावलेला आहे, पहिलंच गाणं 'व्हायरस', जे तेव्हा नवीन केलेलं आणि गायलंय ब्लेझ बेलीनं, कारण मधली काही वर्षं ब्रूस बँडमध्ये नव्हता. माहितगाराला हा अल्बम लई भारी वाटतो पण नवीन माणूस गोंधळतो. २०११ चा 'फ्रॉम फिअर टू इटर्निटी' हा १९९० ते २०१० चा, २३ गाणी, दोन सीडी, लांब लांब गाणी. तो दुसरा ऐकायचा, पहिला नाही.

आधी कव्हरची मागची बाजू वाचा

हे कुठल्याही बँडला लागू आहे आणि सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. 'बेस्ट ऑफ' किंवा 'ग्रेटेस्ट हिट्स' हे शब्द कोणीही छापू शकतं, बँडनं स्वतः काढलाय की जुन्या कंपनीनं, हे त्यावरून कळत नाही. ज्युडास प्रीस्टचं बघा. १९७८ मध्ये 'द बेस्ट ऑफ ज्युडास प्रीस्ट' आला, तो काढला त्यांच्या आधीच्या कंपनीनं, जिच्याकडं फक्त पहिल्या दोन अल्बमचे हक्क होते, १९७४ आणि १९७६ चे. बँड तोपर्यंत दुसरीकडं जाऊन पुढचे अल्बम काढून मोकळा झालेला. आता कोणी 'ब्रेकिंग द लॉ' ऐकायच्या आशेनं हा घेतला तर ते त्यात असणारच नाही, ते गाणं १९८० चं. गाणी वाईट आहेत असं नाही, त्या दोन अल्बममधला दुसरा तर माझा लाडका आहे, पण बँडचा अंदाज त्यावरून येत नाही.

म्हणून बघायचं काय, तर कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतची गाणी आहेत. ब्लॅक सॅबथचा १९७५ चा 'वी सोल्ड अवर सोल फॉर रॉक अँड रोल' पहिल्या सहा अल्बमवर थांबतो, म्हणजे त्यात सगळीकडं ऑझी ऑस्बर्नचा आवाज. नंतर आलेला गायक रॉनी जेम्स डिओ ऐकायचा असेल तर त्याच्यासाठी २००७ चा 'द डिओ इयर्स' वेगळा आहे, आणि त्यात तीन नवीन गाणी पण टाकलेली आहेत. दोन्ही ऐका, एकाच नावाचे दोन वेगळे बँड आहेत असं वाटेल, आणि ते काही फार चुकीचं नाही.

दुसरं म्हणजे गाणी मूळ आहेत का परत वाजवलेली. अँथ्रॅक्सनं २००४ मध्ये जुनी गाणी नंतर आलेल्या गायकाला घेऊन नव्यानं रेकॉर्ड केली, त्यांनी ते लपवलं नाही, पण ऑनलाइन शोधताना गाण्याचं नाव तेच दिसतं आणि आपल्याला वाटतं मूळ तेच. मेगाडेथचा २००५ चा ग्रेटेस्ट हिट्स घेतला तर त्यातली बरीचशी गाणी नव्यानं मिक्स केलेली, म्हणजे वाद्यांचे आणि गळ्याचे आवाज परत कमी-जास्त करून जुळवलेली आहेत, ऐंशी-नव्वदच्या दशकांत लोकांनी जसं ऐकलं तसं ते नाही. ऐकू नका म्हणत नाही, फक्त माहीत पाहिजे.

मेडनच्या आपल्या अल्बममध्ये पण एक अशी गोष्ट आहे जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. पहिल्या दोन अल्बमचा गायक पॉल डिअॅनो होता, ब्रूस आला १९८१ मध्ये आणि १९८२ च्या अल्बमपासून गायला. पण ह्या बेस्ट-ऑफमध्ये पॉलचा आवाज कुठंच नाही. त्याच्या काळातली तीन गाणी आहेत, 'फँटम ऑफ द ऑपेरा', 'रॅथचाइल्ड' आणि बँडच्याच नावाचं 'आयर्न मेडन', ती तिन्ही १९८५ च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ' मधून घेतलेली, ब्रूसनं स्टेजवर गायलेली. तेव्हा हा अल्बम ऐकून बँडची सुरुवात कळली असं समजू नका, पॉलचा खरखरीत, रस्त्यावरच्या पोरासारखा आवाज त्या १९८० आणि १९८१ च्या अल्बममध्येच आहे.

ऐकायची तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका एवढं कळकळीनं सांगतो. ह्या बँडचा अर्धा जीव बेसमध्ये आहे आणि फोनच्या स्पीकरमधून बेस येतच नाही, नुसती गिटारची किरकिर ऐकू येते, आणि मग घरचे म्हणतात तसं तुम्हालाही वाटतं की हा गोंगाट आहे. साधे वायरवाले इअरफोन चालतील. इक्वलायझरमध्ये बेस वाढवू नका, तसंच राहू द्या, बेस वाढवला की ड्रमची धप वाढते आणि बेस गिटार गिचमिडीत जाते. आवाज फार मोठा नको, ऐकून झाल्यावर कान वाजत असतील तर तो जास्त होता. शफल बंद. गाण्यातून गाण्यात सरकत जाणारी क्रॉसफेडची सेटिंग असेल तर ती पण बंद, कारण पहिला ट्रॅक हे गाणं नाही, ते चर्चिलचं १९४० मधलं भाषण आहे आणि ते संपतं तिथंच 'एसेस हाय' फुटतं, ती जागा बिघडली की मजा गेली. पुण्याला शिकायला किंवा नोकरीला ये-जा असेल तर आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा, गाडीत रेंजचा भरवसा नसतो. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसल्यावर लावला तर कुर्डुवाडी सोडून थोडं पुढं गेलं की संपतो, ऐकायला यापेक्षा निवांत वेळ मिळणार नाही.

शब्द कळत नाहीत म्हणून अडू नका. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं एकाच गल्लीत चालतं, शेजारच्या लग्नात शब्द न कळता तेलुगू गाण्यावर आपण नाचलेलो आहोत, तिथं नाही अडलो तर इथं का अडायचं. शब्द नंतर वाचायचे, आणि वाचायचेच, ते पुढं सांगतो.

सालाप्रमाणे लावा

हा या सगळ्या लिखाणाचा मुद्दा आहे. बेस्ट-ऑफमधला गाण्यांचा क्रम हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पकडून ठेवायला केलेला असतो, तसा एकदा ऐका, सरळ, काही न करता. पण दुसऱ्यांदा मात्र स्वतःची प्लेलिस्ट बनवून तीच गाणी सालाप्रमाणे लावा. मग बँड मोठा होताना ऐकू येतो, जे मूळ क्रमात कळतच नाही.

आधी १९८० ची दोन, 'फँटम' आणि 'आयर्न मेडन', मग १९८१ चं 'रॅथचाइल्ड'. मग १९८२ ची चार, 'चिल्ड्रन ऑफ द डॅम्ड', 'द नंबर ऑफ द बीस्ट', 'रन टू द हिल्स', 'हॅलोड बी दाय नेम'. १९८३ चं एकच, 'द ट्रूपर'. १९८४ ची तीन, 'एसेस हाय', 'टू मिनिट्स टू मिडनाइट', 'पॉवरस्लेव्ह'. १९८६ चं 'वेस्टेड इयर्स'. शेवटी १९८८ ची दोन, 'कॅन आय प्ले विथ मॅडनेस' आणि 'द ईव्हिल दॅट मेन डू'. ही झाली चौदा, पंधरावा ट्रॅक ते भाषण, त्याला 'एसेस हाय'च्या आधीच ठेवा.

असं लावल्यावर पहिलीच गोष्ट दिसते ती म्हणजे १९८२ च्या अल्बमचं वजन. त्या अल्बममध्ये मुळात आठ गाणी आणि त्यातली चार इथं, म्हणजे अर्धा अल्बम! तोच ब्रूसचा मेडनमधला पहिला अल्बम आणि तोच इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेलेला त्यांचा पहिला अल्बम. उलट १९८३ आणि १९८६ च्या अल्बमचं एकेकच गाणं घेतलंय, म्हणजे तिथं न ऐकलेलं बरंच काही शिल्लक आहे हे आत्ताच लक्षात ठेवा.

'द ट्रूपर' आलं की फक्त बेस ऐका. स्टीव्ह हॅरिस प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चपटी पट्टी, न घेता बोटांनी वाजवतो, एक लांब आणि दोन आखूड, टाक-टकटक, टाक-टकटक, याला गॅलप म्हणतात, घोड्याची दौड. सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचं बालपण गेलंय त्याला हे शिकवावं लागत नाही, भिंतीपलीकडं माग चालू असताना अभ्यास केलेल्या कानाला एकसारखा, न दमणारा, आतून ढकलणारा तो ठोका आधीच ओळखीचा असतो. एकदा बेस सापडला की वरच्या दोन गिटार वेगळ्या करायचा प्रयत्न करा, डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ एकच चाल दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत एकत्र वाजवतात, एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरी. हे पहिल्यांदा वेगळं ऐकू येतं तेव्हा जो आनंद होतो तो मला अजून शब्दांत सांगता येत नाही.

सालाप्रमाणे ऐकताना सगळी चौदा एका दमात नको. नवीन कान डिस्टॉर्शननं, म्हणजे गिटारच्या त्या फाटक्या आवाजानं दमतो, मग चांगलं गाणं पण अंगावर येतं. एका वेळी एका सालाची ऐका, पुरे.

आता शब्द वाचा

मेडनची गाणी म्हणजे निम्मा इतिहासाचा तास आहे. 'द ट्रूपर' १८५४ च्या क्रिमियन युद्धातलं, बालाक्लाव्हाच्या लढाईत रशियन तोफांवर चालून गेलेल्या ब्रिटिश घोडेस्वाराच्या तोंडचं. 'एसेस हाय' १९४० मधल्या ब्रिटिश लढाऊ पायलटचं. 'टू मिनिट्स टू मिडनाइट' अणुयुद्धावर, त्यातलं घड्याळ म्हणजे शास्त्रज्ञांचं ते प्रलयाचं घड्याळ जे १९५३ मध्ये बाराला दोन मिनिटं कमी असं लावलेलं. 'रन टू द हिल्स' मध्ये पहिलं कडवं अमेरिकेतल्या मूळ लोकांच्या बाजूनं आहे आणि दुसरं त्यांच्यावर चालून जाणाऱ्या सैनिकाच्या बाजूनं, बोलणारा माणूस मध्येच बदलतो, हे लक्षात नाही आलं तर गाण्याचा अर्थच उलटा लागतो. 'वेस्टेड इयर्स' मात्र युद्धाचं नाही, एड्रियन स्मिथनं लिहिलेलं, सतत टूरवर राहून घरापासून लांब पडलेल्या माणसाचं. पुण्या-मुंबईला रूम करून राहणाऱ्या आपल्या पोरांना हेच पहिलं आवडतं असा माझा अनुभव आहे.

आणि 'हॅलोड बी दाय नेम'. सात मिनिटांचं. फाशीची वेळ जवळ आलेला कैदी कोठडीत बसलाय, घंटा वाजते, पाद्री येतो, त्याला बाहेर नेतात, आणि सगळं गाणं त्याच्या डोक्यात चालतं, आधी विश्वास बसत नाही, मग भीती, मग रडू, मग एक प्रकारचं धैर्य. गाण्यातल्या कैद्याचा गुन्हा काय ते सांगितलेलं नाही, तो देशासाठी लढलाय असं काही त्यात नाही. पण १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं शाळेपासून ऐकत मोठं झालेल्या सोलापूरच्या माणसाला हे गाणं ऐकताना ती सकाळ आठवल्याशिवाय राहत नाही, मला तरी दरवेळी आठवते. पुस्तकात ती एक ओळ असते, तारीख आणि चार नावं, कोठडीतून दारापर्यंत चालत जायची ती काही मिनिटं कशी असतील हा विचार मी पहिल्यांदा ह्या गाण्यामुळं केला. शब्द समोर ठेवून, एकट्यानं, रात्री ऐका.

घरच्यांबद्दल पण थोडं बोलू. कव्हरवरचा तो कवटीवाला एडी बघून आई विचारणारच हे कसलं भूत आणलंस. एडी हा बँडचा शुभंकर, सुरुवातीला स्टेजवर मागं लावलेला एक मुखवटा होता, पुढं डेरेक रिग्ज ह्या चित्रकारानं त्याला अंग दिलं आणि ऐंशीच्या दशकातली ती सगळी कव्हरं त्यानंच काढली. 'द नंबर ऑफ द बीस्ट' वरून १९८२ मध्ये अमेरिकेत काही धार्मिक गटांनी रेकॉर्डी जाळल्या होत्या, पण ते गाणं सैतानाची पूजा नाही, स्टीव्ह हॅरिसला एक भीतीदायक सिनेमा बघून पडलेल्या स्वप्नावरून आलेलं आहे. हे शांतपणे समजावून सांगा, चिडून नको, आणि घरात पहिलं गाणं वाजवायचंच असेल तर 'वेस्टेड इयर्स' वाजवा.

एक गाणं धरा आणि बेस्ट-ऑफ सोडा

दोन-तीन आठवड्यांत एखादं गाणं असं निघेल की तुम्ही परत परत त्याच्यावरच येताय. निघालं की ते ज्या अल्बमचं आहे तो अल्बम पूर्ण ऐकायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तोपर्यंत बेस्ट-ऑफ बाजूला. 'ट्रूपर' आवडलं तर 'पीस ऑफ माइंड'. 'वेस्टेड इयर्स' आवडलं तर 'समव्हेअर इन टाइम', त्यात गिटारला सिंथेसायझर जोडलेला आहे, आवाज थोडा गार, चकचकीत वाटतो, पण सवय झाली की सुटत नाही. 'ईव्हिल दॅट मेन डू' आवडलं तर 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन', सगळ्या गाण्यांत एकच कथा फिरते. 'फँटम' आवडलं तर १९८० चा पहिला अल्बम, आणि तिथं पॉल डिअॅनो भेटेल. 'पॉवरस्लेव्ह' आवडलं तर त्याच नावाचा अल्बम, आणि त्याच्या शेवटी जे गाणं आहे ते ह्या बेस्ट-ऑफमध्ये नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', १३ मिनिटांच्या वर, कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवर केलेलं. बहुतेक लांबीमुळंच राहिलं असणार. २००८ च्या टूरमध्ये ते वाजवत होते पण त्या टूरच्या नावाच्या ह्या बेस्ट-ऑफमध्ये नाही. बेस्ट-ऑफवर थांबणाऱ्याला हे गाणं कधी भेटतच नाही, म्हणून थांबायचं नाही.

ज्यांचा बेस्ट-ऑफच नाही त्यांचं काय

मेटॅलिकानं आजपर्यंत स्टुडिओ गाण्यांचा ग्रेटेस्ट हिट्स काढलेला नाही. जवळचं म्हणजे १९९९ चा 'एस अँड एम', सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबत लाइव्ह वाजवलेला, पण ती नवीन माणसानं आधी ऐकायची गोष्ट नाही, मूळ गाणं माहीत असेल तरच व्हायोलिननं काय बदललं ते कळतं. मग आपला आपण बनवायचा.

माझी पद्धत अशी की पहिल्या पाच अल्बममधून, म्हणजे १९८३, ८४, ८६, ८८ आणि ९१, प्रत्येकी दोन गाणी, एक सगळ्यांना माहीत असलेलं आणि एक तुम्हाला स्वतःला आवडणारं. यादी नुसती प्रसिद्ध गाण्यांची केली तर ती ऐकून तुम्ही कोण आहात ते समोरच्याला कळत नाही. 'फेड टू ब्लॅक' आणि 'वन' एकापाठोपाठ ठेवू नका, दोन्ही हळू सुरू होऊन शेवटी सुटतात, दुसऱ्याचा जोर जातो, मध्ये 'बॅटरी' सारखं काहीतरी टाका. १९८६ आणि १९८८ मधला फरक मुद्दाम ऐकवा, मध्ये सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला, आणि १९८८ च्या अल्बममध्ये नवीन बेसिस्ट जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, इअरफोन खराब झाला म्हणून बदलायला जाऊ नका, ते मिक्सच तसं आहे. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' मधलं काही घेतलं तर आवाजाची पातळी सारखी करणारी नॉर्मलायझेशनची सेटिंग चालू ठेवा, तो अल्बम इतका मोठ्या आवाजात भरलेला आहे की आधीच्या गाण्यानंतर एकदम दचकायला होतं.

एकूण ऐंशी मिनिटांच्या आत बसवा, सीडीवर तेवढंच मावतं आणि ऐकणाऱ्याचा धीर पण साधारण तेवढाच असतो. आणि मित्राला पाठवताना नुसती लिंक टाकू नका, खाली प्रत्येक गाण्यापुढं अल्बमचं नाव आणि साल टाइप करून द्या, म्हणजे त्याला जे आवडेल त्याच्या मागं त्याला स्वतःला जाता येईल.